चिनी उपचारांची ओळख (लेखांक ६) : पाठीवर लावलेले कप

नवी मुंबईतल्या घणसोली गावात दोन तऱ्हेची दुखणी एकाच घरात सापडतात. आजोबांची कंबर भाताच्या लावणीत आणि खाडीत जाळी ओढण्यात कामी आली. नातवाची मान मात्र ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या ऑफिसात संगणकासमोर आखडते. १९७० साली नवं शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, पुढे इथल्या शेतजमिनी गेल्या आणि कष्टाचा प्रकारच बदलला. मान-पाठीच्या या दुखण्यांवर कपिंगने खरंच आराम पडतो का, ते या वेळी पाहू.

चिनी वैद्यकात या उपचाराला 'बागुआन' म्हणतात. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात गळू ओढून काढण्यासाठी जनावराचं शिंग वापरल्याचा उल्लेख आहे. पुढे शिंगाच्या जागी बांबू आला, मग काच. पण ही विद्या एकट्या चीनची नाही. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही तिन्ही साधनं सांगितली आहेत. शिंगातली हवा तोंडाने ओढायची, भोपळ्यात पेटता दिवा ठेवायचा. आपल्याकडे वैदू गावोगाव फिरून तुंबडी लावत, तीही याच जातीची.

काचेचा कप लावताना स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून पेटवतात, कपाच्या आत क्षणभर फिरवून बाहेर काढतात आणि कप लगेच तेल लावलेल्या पाठीवर टेकवतात. आतली तापलेली हवा गार होऊन आकसते, दाब कमी होतो आणि त्वचा फुगून कपात चढते. बघता बघता ती लाल, मग जांभळट होते. हल्ली प्लॅस्टिकच्या कपातली हवा हातपंपाने ओढतात, त्यात भाजण्याची भीती नसते. कप साधारण पाच ते पंधरा मिनिटं ठेवतात.

चिनी वैद्य म्हणतात, साचलेलं 'ची', म्हणजे प्राणशक्ती, आणि रक्त वाहतं होतं. शरीरशास्त्राच्या भाषेत, त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, त्वचा आणि तिच्याखालचे पडदे वर ओढले जातात आणि बारीक केशवाहिन्या फुटतात. गोल डाग उठतात ते त्यामुळेच, आणि आठ-दहा दिवसांत बहुधा जातात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जगाने पाहिले ते हेच डाग.

मानदुखी आणि कंबरदुखीत कपिंगनंतर काही काळ आराम पडतो, असं बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. हा फायदा मी मोलाचा मानतो. रात्री कूस बदलता येत नसेल, तर चार दिवसांची उसंतही मोठी असते. पण हे अभ्यास पक्के नाहीत. गोळीच्या चाचणीत रुग्णाला खोटी गोळी देता येते. पाठीवर कप लागला की नाही हे रुग्णापासून लपवायचं कसं? त्यामुळे आरामातला किती वाटा कपाचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व 'मुळापासून बरं' करण्याचे दावे मात्र साफ नाकारावेत. डाग म्हणजे बाहेर आलेलं विष, हेही खोटं आहे. ते आपलंच रक्त असतं, त्वचेखाली सांडलेलं.

त्वचेवर चिरे देऊन रक्त काढण्याचा प्रकार, म्हणजे हिजामा, याहून जोखमीचा आहे. ब्लेड किंवा कप दुसऱ्यावर वापरलेले असतील तर कावीळ 'बी', 'सी' आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. तो करायचाच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या चिकित्सकाकडेच जावं आणि नव्या ब्लेड-कपांचं पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावावं. त्यात संकोच कसला? रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, रक्त न गोठण्याचा विकार किंवा तीव्र अशक्तपणा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कपिंगच्या वाटेला जाऊ नये. गरोदर बायकांनीही नाही. जखमेवर, पुरळावर, फुगलेल्या शिरांवर कप लावूच देऊ नये. मधुमेह्यांच्या जखमा उशिरा भरतात, त्यांनी चिरे टाळावेत.

आणि पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल किंवा ताप येत असेल, तर कपांच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

(पुढील लेखांकात : मोक्सा, म्हणजे औषधी पाल्याचा शेक)