भडल्याची धूळ

राजस्थानात फलोदीच्या वायव्येस, थरच्या वाळवंटात, सुमारे 14,000 एकरांवर पसरलेले 2,245 मेगावॅट क्षमतेचे भडल्याचे सौर उद्यान पाहावयास जाणारा मनुष्य सूर्याचे कौतुक मनात घेऊनच निघतो. परंतु तेथे अंधार पडेपर्यंत थांबल्यावर माझी खात्री झाली की, सूर्य आपली चाकरी बिनबोभाट बजावतो आणि मनुष्याचे श्रम खर्ची पडतात ते धुळीच्या बंदोबस्तात.

उन्हाविषयी आपला समजही तेथे जरा ढळतो. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता मोजतात ती 25 अंश तापमानाला. त्यापुढे दर अंशामागे सुमारे 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते, आणि वैशाखात काच 60 अंशांपलीकडे तापते, त्यामुळे निरभ्र पण थंड हवेचा दिवस तिला अधिक मानवतो.

दिवस मावळला की साफसफाईस आरंभ होतो, कारण तापल्या काचेवर गार पाणी पडल्यास ती तडकण्याचे भय, आणि उन्हात पुसणाऱ्याची सावली पडली तर तेवढी वीज बुडालीच. रांगेच्या टोकाशी दिवसभर निमूट उभा असलेला रोबो जागा होतो आणि मऊ तंतूंचा ब्रश फिरवीत, पाण्याचा थेंबही न वापरता, जात्यासारखी घरघर करीत, धूळ खाली लोटत पुढे सरकतो. हे काम पहाटेचे दव पडण्यापूर्वी उरकलेले बरे. दवाने भिजलेली धूळ वाळली की काचेवर तिचा थर बसतो. आँधीमागून पावसाचे चार थेंब पडले तर त्याहून वाईट! मग कोरड्या ब्रशाचे काही चालत नाही, टँकर मागवावा लागतो, आणि या निर्जल मुलखात टँकर मागविणे ही काही किरकोळ बाब नव्हे. म्हणून दोन पॅनेल शेजारी ठेवून एक नित्य पुसतात, दुसरे मळू देतात, आणि दोहोंच्या उत्पन्नातील तफावत पाहून धुण्याचा हुकूम सोडतात. 2017 साली येथील लिलावात वीजदर युनिटमागे 2 रुपये 44 पैशांपर्यंत उतरला होता. त्या भावात एवढी काटकसर ओघानेच आली.

आता, ही सगळीच धूळ आँधीने दुरून आणलेली नसते. महसुली दप्तरात अशा जमिनी ओसाड म्हणून नोंदल्या जातात खऱ्या, पण मेंढपाळांची चराई त्यांवरच चाले, आणि सेवण गवताची मुळे तेथील वाळू धरून ठेवीत. सपाटीकरणात ते गवत खरवडले गेले की मोकळी झालेली वाळू काचेवर चढावयास कितीसा अवकाश! रांगांमधल्या पट्ट्यांत सेवण पुन्हा रुजवावे असे मला वाटते. वाढल्या गवताची सावली पडते आणि वाळल्यावर ते पेट घेते, हा देखभाल करणाऱ्यांचा आक्षेपही खोटा नाही. तेव्हा वेळोवेळी कापणी करावी, किंवा मेंढ्याच आत सोडाव्यात.