आईला पोटात घेणारी लेक

डॉक्टर छातीवर टेकवतात तो स्टेथोस्कोप रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये शोधला. पहिलावहिला स्टेथोस्कोप म्हणजे नुसती कागदाची सुरळी होती! क्षयाने पोखरलेली फुप्फुसं त्यांनी या नळीतून ऐकली आणि १८२६ मध्ये ते स्वतःही क्षयानेच गेले. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या प्लोआरेत त्यांची कबर आहे. पण आज फ्रान्सच्या यादीत प्लोआरे शोधायला जावं, तर ते गाव तिथं नाहीच.

ही यादी ‘कम्यून’ची. फ्रान्समध्ये चिमुकलं खेडंही कम्यून आणि पॅरिसही कम्यूनच. अशा सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा महापौर. प्लोआरेलाही होता. १९४५ मध्ये शेजारच्या दुआर्ननेने त्रेबूल, पूलदाविद आणि प्लोआरे ही तिन्ही गावं आपल्यात सामावून घेतली. त्यातलं त्रेबूल तर १८८० मध्ये कुठे पूलां या कम्यूनपासून वेगळं झालं होतं. त्याचा स्वतंत्र संसार जेमतेम ६५ वर्षांचा!

खरी गंमत पुढेच आहे. दुआर्नने हे प्लोआरेचंच लेकरू. चर्च वर टेकडीवर, खाली कोळ्यांचं बंदर आणि दोन्ही मिळून एकच पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर. राज्यक्रांतीच्या काळात कम्यून आखल्या गेल्या, तेव्हा बंदर वेगळं झालं. एकोणिसाव्या शतकात सार्डिन मासे डब्यात भरणारे कारखाने उभे राहिले, वस्ती फुगली आणि टीचभर हद्द अपुरी पडू लागली. शेवटी लेकीनेच आईला पोटात घेतलं.

हा सगळा वंशवेल नावांत जपलेला आहे. ही नावं फ्रेंच नव्हेत, ब्रेटन आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांची ही भाषा. ‘पूल’ म्हणजे डोह, ‘त्रे’ म्हणजे पॅरिशमधली वाडी. दुआर्नने म्हणजे ‘दुआर-अन-एनेझ’, बेटाची जमीन. मोठ्या ओहोटीला पायी गाठता येणारं त्रिस्तां बेट आजही समोरच उभं आहे.

आणि प्लोआरेतलं ‘प्लो’? त्याचा अर्थ पॅरिश, म्हणजे वाड्यांना आणि बंदराला कवेत घेणारं मूळ गाव. आईचं महापौरपद गेलं, हद्दही पुसली गेली. तरी थोरली कोण, हे तिचं नाव अजून सांगतंच आहे.