शिवणीत गेलेली अक्षरं

आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईवडिलांसंगं ऊसतोडीला गेली. जाताना माझ्या मैत्रिणीनं एक गोष्ट लिहून दिली होती. ती गोष्ट घालून आम्ही सोळा पानांचं पुस्तक शाळेच्या प्रिंटरवर छापलं. बाईंनी दाभणानं भोकं पाडून दोरा ओवला. उघडून बघतो तर दुसऱ्या पानावरची कडेची अक्षरं शिवणीत गेलेली! 'बाबांचा कोयता' याचं 'बाबांचा कोय' झालं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. गोष्ट तिची होती.

असं का झालं? कागदाच्या कडेला सोडलेली कोरी जागा म्हणजे समास. पहिल्या पानाची शिवण डावीकडे असते. तोच कागद उलटला की शिवण उजवीकडे जाते. उजव्या हाताचा तळवा बघा, अंगठा उजवीकडे. हात पालथा करा, अंगठा डावीकडे. तसंच. आम्ही सगळ्या पानांना डावीकडेच जास्त जागा सोडली होती. खरं म्हणजे विषम पानांचा डावा आणि सम पानांचा उजवा समास मोठा ठेवायचा. संगणकात त्याला मिरर मार्जिन म्हणतात. मिरर म्हणजे आरसा. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. आम्ही शिवणीकडे २५ आणि बाहेर १५ सोडले, मजकुराला १७० उरले.

आमचा प्रिंटर एका वेळी एकच बाजू छापतो. आधी १, ३, ५ अशी पानं छापायची, मग तेच कागद परत घालून २, ४, ६. इथं माझी लई फजिती झाली. एकदा मागची बाजू डोकं खाली, पाय वर अशी आली. आजोबा म्हणाले, "हे तर पोथीसारखं झालं गं." पोथीचं पान वर उलटतात, वहीचं कडेला. (पोथीला शिवणच नसते, म्हणून तिला अक्षरं जायची भीती नाही.) दुसऱ्यांदा पहिल्या पानामागं सोळावं छापलं, कारण गठ्ठ्यात शेवटचा कागद वर होता.

आता मी एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं फुली मारून आधी तोच घालते. फुली कुठं येते ते बघते. प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. ट्रेमधली सरकती पट्टी कागदाला टेकलेली पाहिजे, ढिली असली की कागद तिरका जातो. छापलेला कागद उन्हाकडे धरला की दोन्हीकडच्या कडा जुळल्या का ते कळतं.

मग कोयता पूर्ण आला. पुस्तक ट्रॅक्टरवाल्या काकांसंगं कारखान्यावर धाडलंय. तिचा निरोप अजून आला नाही.

— इयत्ता ४ थी