नवं पुरळ, जुना आरोपी

“साबण तोच, केसांचा रंग तोच, टिकलीही कित्येक वर्षं त्याच कंपनीची. मग कपाळावर आणि कानामागे आताच खाज का सुटावी?” असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. रक्ताच्या ‘ॲलर्जी पॅनेल’चा अहवालही जोडला आहे. त्यात धूळ, झुरळ, वांगं, शेंगदाणा अशी लांबलचक यादी आहे. ती वाचून त्यांनी वांगं सोडलं. खाज गेलेली नाही.

नवं पुरळ आलं की आपण नवी वस्तू शोधतो. स्पर्शातून होणाऱ्या ॲलर्जीत हा तर्क वारंवार फसतो, कारण पहिल्या स्पर्शाला सहसा काहीच होत नाही. केसांच्या रंगातलं पॅराफेनिलीनडायअमिन किंवा नकली दागिन्यांतलं निकेल इतकं सूक्ष्म असतं की प्रतिकारयंत्रणा एरवी त्याची दखल घेत नाही. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटलं की ती प्रथिनं परकी ठरतात आणि त्यांची ओळख ठेवणाऱ्या टी-पेशी तयार होतात. कुणात हे दहा-पंधरा दिवसांत घडतं, कुणात वर्षानुवर्षांच्या वापरानंतर. एकदा घडलं की पुढे त्या वस्तूचा स्पर्श झाल्यावर एक-दोन दिवसांत पुरळ उठतं.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांची गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या मानेमागे आणि कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. डॉ. क्लॅरेन्स लिव्हिंगूड आणि सहकाऱ्यांनी 1943 साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. चट्टा जिथे, नेमकी तिथेच कपड्याच्या आत धोब्याची खूण होती. कोणता सदरा कुणाचा हे कळावं म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करत. चुन्याची जोड मिळाली की ती काळी ठिपक्यांची खूण धुऊनही जात नाही.

बिब्बा उततो, आणि एकाला उततो तसा दुसऱ्याला उतत नाही, हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण या पोरांनी बिब्बा जन्मात पाहिला नव्हता! पहिल्या स्पर्शाला काही होत नाही, तर त्यांना तो कसा उतला? उत्तर त्यांच्या मायदेशातल्या रानात होतं. तिथली ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली. तिच्यातले रेणू आणि बिब्ब्यातले रेणू इतके सारखे की टी-पेशींची गफलत होते. ज्याला लहानपणी त्या वेलीने छळलं, त्याला सातासमुद्रापलीकडे धोब्याचा एक ठिपकाही पुरे. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. कैरीचा चीक लागून ओठांभोवती उठणारं पुरळ किंवा कोकणात काजू सोलणाऱ्यांच्या हातांची कातडी जाणं, यामागे त्याच रेणूंची भावंडं असतात.

चट्ट्याची जागा हा असा बोलका पुरावा असतो. गाजरगवताचंच पाहा. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि 1974 साली पुण्याच्याच डॉ. लोणकरांनी सहकाऱ्यांसह त्यापासून होणाऱ्या त्वचारोगावर लिहिलं. या रोगात चेहरा, मान आणि कोपरांच्या घड्या पेटतात. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा बहुधा वाचते, कारण तिथे ऊन पोचत नाही. हवेतून उडणारा गवताचा चुरा मात्र तिथेही पोचतो. तपासणाऱ्याने कानामागे डोकावून पाहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

मग रक्ताच्या पॅनेलचं काय? त्याचं उत्तर 1942 सालीच मिळालं आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगमध्ये स्पर्शाची ॲलर्जी निर्माण केली. ॲलर्जी झालेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्याला टोचून ती पसरली नाही; त्याच्या पेशी टोचल्यावर पसरली. लँडस्टायनरना रक्तगटांमुळे सगळे ओळखतात. चेस यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. पॅनेल रक्तद्रवातली आयजीई प्रतिपिंडं मोजतं. हा आजार पेशींचा. त्या यादीतलं वांगं सोडून कपाळाची खाज कशी थांबणार?

इथे उपयोगी पडते ती पॅच टेस्ट. तिचा पाया योसेफ यादासोन यांनी 1895 साली पाऱ्याच्या लेपावर घातला. संशयित पदार्थ चिमूटभर घेऊन, पट्टीने पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात. पट्टी काढल्यावर पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही. चाचणी त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावी. पुरळ भरात असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती करत नाहीत.

अर्थात प्रत्येक खाज ॲलर्जीची नसते. रात्री वाढणारी, घरात सगळ्यांना लागलेली खाज बहुधा खरजेची. कडेने पसरणारं गोल चकंदळ नायट्याचं. त्यावर दुकानातून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम चोळलं की नायट्याचं रूपच बदलतं आणि डॉक्टरलाही चकवा बसतो. नवं औषध सुरू केल्यावर पुरळाबरोबर ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

एरवी डॉक्टरकडे जाताना चट्ट्यांचे पहिल्या दिवसाचे फोटो न्या, आणि त्वचेला लागणारी प्रत्येक वस्तू न्या: टिकलीचं पाकीट, केसांच्या रंगाचा खोका, चष्म्याची दांडी, जुन्यातली जुनीसुद्धा.