आणखी एक टिळक

बालमित्रांनो, आमच्या पलूसच्या शाळेत मी एकदा फळ्यावर नुसतं ‘टिळक’ असं लिहिलं. सारा वर्ग एका सुरात ओरडला, “लोकमान्य!” त्यांचं काही चुकलं नाही. पण आज आपण दुसऱ्या टिळकांना भेटू या. रेव्हरंड नारायण वामन टिळक! रेव्हरंड म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, बरं का.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा रंगल्या आणि त्याने टिळकांना बायबल भेट दिलं. टिळकांनी ते वाचलं, खूप विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंनाही हे पटलं नाही. छोट्या दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहू लागल्या. काही काळ तर आपल्या पंढरपुरात होत्या. एकाच घरातली माणसं दोन गावी! दत्तूला काय वाटलं असेल?

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे परतल्या. त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही, आणि टिळकांनीही सक्ती केली नाही. मग स्वतः विचार करून १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांनीच त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ हे गाजलेलं आत्मचरित्र लिहिलं!

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. धर्म बदलला, पण मराठीपण कसं सोडणार? अभंग, भजन, कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेलं. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं संपादन केलं. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही जखमी पक्षिणीची कविता त्यांचीच. फुलामुलांवर त्यांचा फार जीव. बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहिले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं.

मित्रांनो, घरात किंवा वर्गात एखाद्याचं मत आपल्याहून वेगळं निघालं, की आपण लगेच कट्टी करतो. होय ना? पुढच्या वेळी कट्टी करण्याआधी या टिळकांची आठवण काढा. आणि आई-बाबांकडून ‘स्मृतिचित्रे’मधली दोन-चार पानं वाचून घ्या. हसता हसता डोळ्यांत पाणी येईल!