मोरी लहान, सोय मोठी

(घर भाड्याचे असले, जागा आणि पैसे दोन्ही थोडे असले, तरी घरातील धुण्याची सोय नीट कशी लावता येते, हे या पाठात सांगितले आहे.)

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात रहिमतपूर हे जुने गाव आहे. तेथे आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याचा मकबरा आणि एक मशीद आहे. मशिदीपासून थोड्या अंतरावर सुमारे ५० फूट उंचीचा एक बुरूज आहे. विहिरीचे पाणी या बुरुजावर चढवीत. उंचावरून खाली येणाऱ्या पाण्याला जोर येई आणि त्या जोरावर मशिदीतील कारंजे उडे. त्या काळी वीज नव्हती, पंप नव्हता. पण पाणी कोठून घ्यायचे, कोठे साठवायचे आणि कोठे सोडायचे, याचा विचार बांधणाऱ्यांनी आधी केला होता.

तुमच्या घरातील मोरीलाही हाच विचार लागतो.

समजा, तुम्ही रहिमतपुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहता. घरात सहा माणसे आहेत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. मळके कपडे एका कोपऱ्यात, साबण दुसरीकडे आणि ब्रश तर सापडतच नाही. नळ गेला, की निम्मे कपडे साबणातच राहतात. अम्मी वाकून वाकून धुणे धुते आणि उठताना कंबर धरते. कधी गणवेश ओला राहतो, म्हणून तुमची शाळा बुडते. धुण्याचे यंत्र घ्यायला पैसे नाहीत आणि भिंत फोडायला घर आपले नाही. मग काय करावे?

पैसे खर्च करण्यापूर्वी एक दिवस नुसते पाहा. धुण्याला किती बादल्या पाणी लागते? ते किती लांबून आणावे लागते? अम्मीला किती वेळा उठावे लागते? हे एका कागदावर लिहा. १५ लिटरची भरलेली बादली १५ किलोंहून जड असते. ती दहा पावले जवळ ठेवली, तरी दररोजचे किती श्रम वाचतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता घरमालकांशी बोला. आपण भाडेकरू आहोत, हे विसरून चालत नाही. "काका, या खिडकीच्या गजाला दोरी बांधली तर चालेल का?" असे नम्रपणे विचारले, तर पुढचे भांडण टळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा जेथे लागू आहे, तेथे घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायमचे बांधकाम केले, तर घरमालक जागा परत मागू शकतो. मात्र योग्य कारण नसताना भाडेकरूचे पाणी किंवा वीज घरमालकाला तोडता येत नाही. म्हणून आपली सोय अशी असावी, की घर सोडताना ती उचलून नेता येईल आणि भिंतीवर एकही खूण राहणार नाही.

पहिली सोय मळक्या कपड्यांची. जुन्या चादरीच्या तीन पिशव्या शिवा. एक पांढऱ्या कपड्यांची, दुसरी रंगीत कपड्यांची आणि तिसरी फार मळलेल्या कपड्यांची. प्रत्येकाने आपला कपडा काढताच योग्य पिशवीत टाकावा, म्हणजे धुण्याच्या वेळी निवडत बसावे लागत नाही आणि लाल ओढणीचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागत नाही. खिसे तपासणे हे ज्याचे त्याचे काम. रक्ताचा डाग असेल, तर तो लगेच थंड पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

दुसरी सोय बसण्याची. मोरीत दोन बाजूंना विटांचे चार-चार थर रचा. सिमेंट लावू नका. त्यांवर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा आणि तो हलत नाही ना, हे पाहा. हा साधारण एक फूट उंचीचा ओटा झाला. त्यावर धुण्याचे टब ठेवून समोर बुटक्या स्टुलावर बसले, की कंबरेत फार वाकावे लागत नाही. साबण आणि ब्रश हाताशी, एका भोके पाडलेल्या डब्यात ठेवा. डब्यात पाणी साचत नाही, म्हणून साबण विरघळून वाया जात नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. कित्येक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त असतात. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात साबणाला फेस येत नाही, कपड्यांवर पांढरट साका बसतो आणि साबण जास्त लागतो. सुती कपडे भिजवण्यापूर्वी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घातला, तर हे क्षार बाजूला पडतात आणि साबणाला फेस येतो. लोकरीच्या व रेशमी कपड्यांना मात्र सोडा वापरू नये.

आता एक गणित पाहा. साबणाचे पाणी पिळून काढल्यावरही कपड्यांत १ लिटर पाणी उरले, असे समजा. ते कपडे १० लिटर पाण्यात एकदाच खळबळले, तर एकूण पाणी ११ लिटर झाले. पिळल्यावर कपड्यांत पुन्हा १ लिटर उरले, म्हणजे साबणाचा अकरावा भाग कपड्यांतच राहिला. आता तेच १० लिटर पाणी पाच-पाच लिटर असे दोनदा वापरा. पहिल्या खळबळण्यानंतर साबणाचा सहावा भाग उरतो. दुसऱ्यानंतर त्या सहाव्याचाही सहावा, म्हणजे छत्तिसावा भाग उरतो. पाणी तेवढेच, पण कपडे तिपटीहून अधिक स्वच्छ! मात्र प्रत्येक वेळी कपडे घट्ट पिळले पाहिजेत. साबण उरलेला कपडा कडक होतो आणि काहींच्या अंगाला त्याने खाज सुटते.

शेवटच्या खळबळण्याचे पाणी पुष्कळसे स्वच्छ असते. ते फेकू नका. मळक्या कपड्यांची पुढची पिशवी त्यात भिजवा किंवा त्याने संडास धुवा. सांडपाणी दारात साचू देऊ नका. साठवणीचे पिंप झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. डेंग्यू पसरवणारे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात.

चौथी सोय कपडे वाळवण्याची. कपडा वाळतो तो ऊन, वारा आणि मोकळी जागा यांमुळे. म्हणून वलणी वाऱ्याला आडवी बांधा आणि दोन कपड्यांमध्ये थोडे अंतर ठेवा. पांढरे कपडे उन्हात, रंगीत कपडे उलटे करून सावलीत घाला. रहिमतपुरात महाबळेश्वराइतका पाऊस पडत नाही, तरी पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत. अशा वेळी पिळलेला गणवेश कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळा. बरेचसे पाणी टॉवेल ओढून घेतो. मग तो उघड्या खिडकीजवळ टांगा. बंद खोलीत ओले कपडे घातले, तर भिंतींना ओल येते आणि बुरशी धरते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वलणीसाठी लोखंडी तार कधीही वापरू नका. विजेची उघडी पडलेली वायर त्या तारेला किंवा छपराच्या पत्र्याला लागली, तर साऱ्या तारेत वीज उतरते. ओल्या हाताने कपडा काढणाऱ्याच्या ते जिवावर बेतते. कोरडी नायलॉनची दोरी वापरा आणि तीही विजेच्या खांबाला किंवा वायरीजवळ बांधू नका. कोणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा आणि मोठ्या माणसांना हाक मारा.

आता खर्च पाहू. विकत आणायचे ते दोरी, चिमटे आणि थोडा सोडा. विटा, फरशीचा तुकडा, चादर आणि डबा बहुधा घरात किंवा शेजारी मिळतात. सर्वांत मोठी गोष्ट मात्र फुकट आहे. ती म्हणजे कामाची वाटणी. पाणी भरणे एकाचे, पिळणे दुसऱ्याचे, वाळत घालणे आणि घड्या घालणे तिसऱ्याचे. हे काम मुलींचे आणि ते मुलांचे, असा भेद त्यात नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि श्रम करून शिकत. श्रमाची लाज त्यांनी कधी बाळगली नाही. मग आपल्याच कपड्यांची बादली उचलायला आपण का लाजावे?

येत्या सुटीच्या दिवशी एक काम करा. विटा आणि दोरी शोधायला निघण्यापूर्वी अम्मीजवळ बसा आणि तिला विचारा, "धुणे धुताना तुला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?" ती जे सांगेल, तेथूनच सुरुवात करा.

शब्दार्थ
मोरी – घरात धुण्याची व भांडी घासण्याची जागा
खळबळणे – कपडा पाण्यात हलवून साबण काढणे
दुष्फेन – ज्यात साबणाला फेस येत नाही असे (पाणी)
वलणी – कपडे वाळत घालण्याची दोरी
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रहिमतपूरच्या बुरुजावर पाणी का चढवीत?
(आ) रक्ताचा डाग कोणत्या पाण्यात धुवावा?
२. कारणे लिहा.
(अ) वलणीसाठी लोखंडी तार वापरू नये.
(आ) भाड्याच्या घरात ओटा रचताना सिमेंट लावू नये.
३. ९ लिटर पाणी तीन-तीन लिटर असे तीन वेळा वापरले, तर साबणाचा कितवा भाग उरेल? (कपड्यांत दर वेळी १ लिटर पाणी उरते.)
४. वलणी बांधण्याची परवानगी मागणारे पाच ओळींचे पत्र घरमालकांना लिहा.