पाण्याची पहिली इयत्ता

बडोद्याला पाण्याची वाण नाही. शहराच्या मधोमध सूरसागर पसरला आहे, विश्वामित्री वळसे घेत वस्त्यांमधून जाते, आणि आजव्याच्या सयाजी सरोवराचं पाणी १८९२ पासून शहराची तहान भागवतं आहे. पण इथल्या पोराला पोहायचं असेल तर यांतलं कुठलंच पाणी कामाचं नाही. विश्वामित्रीच्या शहरातल्या पट्ट्यात ४०० हून अधिक मगरी आहेत. कोकणातलं पोर विहिरीत मुटके मारत शिकतं, देशावरचं पाठीला डबा बांधून डोहात उतरतं. बडोदेकराला मात्र पावती फाडून तरणतलावाचीच पायरी उतरावी लागते. म्हणूनच लालबाग, सरदारबाग आणि कारेलीबागेतले महापालिकेचे तलाव मला मौजेच्या जागा वाटत नाहीत. मी त्यांना शाळा मानतो.

उन्हाळ्याच्या सुटीत या शाळेचा पट भरतो. सकाळच्या बॅचला उथळ बाजूला पोरांची रांग काठाला धरून पाय मारत असते. एक सहा-सात वर्षांचा मुलगा दांडी सोडायलाच तयार नाही. प्रशिक्षक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तळवे पुढे करतात, ‘छोडी दे बेटा, पाणी झीली लेशे.’ कठड्यापलीकडून आजीचा मराठी आवाज येतो, ‘अरे, सोड की! सर आहेत ना!’ दोन भाषांचा हा धीर एकाच पोरासाठी. बडोद्याचा संसार असाच दोन भाषांत चालतो.

पाणी झेलतं म्हणजे काय? छातीत हवा भरलेली असली की माणसाचं अंग पाण्याहून किंचित हलकं असतं, सगळा श्वास सोडला की बहुतेक जण खाली जाऊ लागतात. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. ओरडून हवा घालवतो, हात वर फेकतो, मान ताणतो. त्यामुळे पहिला धडा हात मारण्याचा नसतो, श्वासाचा असतो. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, मग श्वास भरून अंग सैल सोडायचं. हे एकदा जमलं की सूर मारणं, लांब पल्ला, शर्यती हे सगळं नंतर येतं.

या शाळेची खरी मेहनत दिसत नाही. पंप तलावाचं पाणी ओढतात, वाळूच्या गाळणीतून काढून परत सोडतात. गाळणी तुंबली की पाणी उलटं फिरवून तीच धुतात. लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ पीएच राखला तर पाणी जंतूंपासून सुरक्षित राहतं आणि डोळ्यांना झोंबत नाही. आपण ज्याला ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो तो बहुधा घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. आधी अंघोळ करून उतरा, ही पाटी शिष्टाचारासाठी नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्यांसाठी आहे.

सार्वजनिक व्यायाम या शहराच्या रक्तातच आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. पुढे लोणावळ्यात कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच त्यांच्या हाताखाली शिकले. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही बडोद्यातूनच निघाला. शरीर कमावणं ही साऱ्या समाजाची गोष्ट आहे, हा संस्कार आखाड्याच्या मातीतून तरणतलावाच्या निळ्या फरशीवर आला. इथे त्यात बायकाही आल्या. त्यांच्या बॅचला पन्नाशीच्या गृहिणी पहिल्यांदा पाण्यात पाय घालतात आणि महिन्याभरात आडवा तलाव पार करतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहावा.

पण या शहराच्या आठवणीत पाणी काळंही आहे. १९९३ साली सूरसागरात नाव उलटून २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका परतल्या नाहीत. पोहता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. बोटीत किती माणसं बसवायची आणि प्रत्येकाला लाइफजॅकेट द्यायचं, ही जबाबदारी मोठ्यांचीच होती आणि राहील. तरीही पाण्यात पडल्यावर श्वास धरून तरंगायचं कसं, हे प्रत्येक मुलाला यायलाच हवं. जगात दरवर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात. शाळकरी मुलांना पोहण्याचं प्राथमिक शिक्षण द्या, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच सांगते.

१९०६ मध्ये सयाजीरावांनी आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अक्षर ही हौस नव्हे, गरज आहे, हे ज्या गावाने देशाच्या आधी ओळखलं, त्याने पाण्याबाबतही तेच ठरवावं. पालिकेच्या प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून पंधरा दिवस तलाव मिळावा, फीविना. इतकंच मागणं आहे.

शिट्टी वाजते, बॅच संपत येते. त्या मुलाने एक हात सोडला आहे. मग दुसराही. क्षणभर तो पाण्यावर पालथा पडून राहतो, मग दचकून उभा राहतो. नाकातून पाणी गळतं आहे, आणि तो आजीकडे बघून ओरडतो, ‘परत करू?’